हातात धरलेली गाठ

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर लेकीने संगणकाजवळ फिरकू दिलं नाही. आजचा विषय जरा वेगळा आहे. बाई आता डॉक्टरकी शिकवायला लागल्या की काय, असं भाचेमंडळी म्हणणार हेही ठाऊक आहे. तरी वाचा.

घरातल्या धाकट्यांना कदाचित माहीत नसेल, मला एक भाऊ होता. बाळू. १९६२ साली, तो चार वर्षांचा असताना, आंघोळ घालताना आईच्या हाताला त्याच्या पोटात काहीतरी टणक लागलं. आधी गावातले डॉक्टर झाले, मग एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी नेलं. मूत्रपिंडाला गाठ आहे, एवढं कळलं. ऑपरेशन झालं, बाळू घरी आला आणि पाच महिन्यांनी गेला. डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हा त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. पण आई पुढे म्हातारी झाली तरी मधूनच विचारायची, "म्हणजे नेमकं काय होतं गं त्याच्या पोटात? केवढं होतं?" मी बी.ए. झालेली तिची लेक, मलाही सांगता यायचं नाही.

हे सगळं वर आलं ते गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा. तिचा नातू तीन वर्षांचा, आणि त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी. या आजाराला 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात. माक्स विल्म्स नावाच्या जर्मन सर्जनने १८९९ साली त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून हे नाव. बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. आज चांगल्या केंद्रात वेळेवर उपचार मिळाले तर दहांतली सुमारे नऊ मुलं बरी होतात. (बाळूच्या वेळी हे वाक्य कोणी उच्चारलंही नसतं.) गाठ एकाच बाजूला असेल तर बहुतेकदा ते मूत्रपिंडच काढतात, दुसऱ्यावर माणूस व्यवस्थित जगतो. दोन्हीकडे असेल तर मात्र पंचाईत. गाठ तर जायला हवी, पण मूत्रपिंडाचा चांगला भाग जमेल तेवढा राखायला हवा. शिवाय काढताना गाठ फुटता कामा नये. तिच्यातल्या पेशी पोटात सांडल्या तर आजार उलटण्याची भीती वाढते.

ती सांगत होती, "बाई, स्कॅनच्या फिल्म दाखवल्या, मला नुसते काळे-पांढरे डाग दिसले. मग ऑपरेशनच्या आधी सर्जननी टेबलावर एक वस्तू ठेवली. आमच्या बाळाचीच मूत्रपिंडं, प्लास्टिकची, खरी होती तेवढीच. गाठ वेगळ्या रंगाची. मी हातात घेतली आणि मला पहिल्यांदा कळलं."

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. समजलं तेवढं सांगते. स्कॅनमध्ये शरीराचे आडवे काप दिसतात, पावाच्या स्लाइससारखे. डॉक्टर किंवा तंत्रज्ञ संगणकावर बसून त्या कापांवर हद्दी आखतात: ही गाठ, ही रोहिणी, ही नीला, हा चांगला भाग. काही काम संगणक आपणहून करतो, पण तपासायला माणूस लागतोच. मग ते काप एकावर एक रचले की पूर्ण आकार तयार होतो, आणि थ्री-डी प्रिंटर तो थरावर थर देत घडवतो. छपाईलाच कित्येक तास लागतात. ही युक्ती तशी जुनी आहे. चक हल या अमेरिकन इंजिनिअरने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९८४ साली.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण बार्सिलोनाचं. तिथल्या 'सांत जुआन दे देउ' या मुलांच्या रुग्णालयात पाच वर्षांचा एक मुलगा होता, त्याला न्यूरोब्लास्टोमा होता. ही गाठ पुष्कळदा पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसते. आधी दोनदा प्रयत्न करूनही सर्जनना ती काढता आली नव्हती. मग तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या मदतीने एक मॉडेल केलं. त्यात अवयव आणि रक्तवाहिन्या कडक होत्या, आणि गाठ मऊ, आरपार दिसणारी, कापून काढता येईल अशी. सर्जननी त्यावर आधी सराव केला आणि मग खऱ्या ऑपरेशनमध्ये गाठ निघाली. २०१४ साली ही बातमी जगभर गेली होती.

मला यात नवल वाटलं नाही. शाळेत मी भूगोलही शिकवायचे. फळ्यावर सह्याद्री कितीही छान काढला तरी घाट म्हणजे काय हे मुलांना कळायचं नाही. मग आम्ही कागदाच्या लगद्याचा नकाशा केला. एका मुलीने कोकणातून बोट वर चढवत नेलं आणि एकदम म्हणाली, "बाई, इथे तर भिंतच आहे!" सर्जनही शेवटी हाताने काम करणारा माणूस आहे. त्याच्या हातांना आधी वाट फिरून येता आली तर बरंच की.

आता दुसरी बाजू. हल्ली पडद्यावरही अवयव फिरवून बघता येतात, मग वस्तू कशाला, असं विचारणारे डॉक्टर आहेत, आणि सोप्या ऑपरेशनला तिची गरज नाही हे मलाही पटतं. मॉडेलमधून रक्त येत नाही. आखणारा चुकला तर मॉडेलही चुकणार. ते स्कॅनच्या दिवसाची स्थिती दाखवतं, आणि औषधांनी गाठ आकसली की जुनं होतं. आजवर छापून आलेले बरेचसे अनुभवही थोड्या थोड्या रुग्णांवरचे आहेत. माझ्या विद्यार्थिनीचा नातू आज बरा आहे, पण तो मॉडेलमुळे बरा झाला असं मी म्हणणार नाही. औषधं, भूल देणारे, सर्जन, नर्सेस, सगळ्यांचे हात लागले.

पण एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. अवघड ऑपरेशनसाठी मॉडेल केलंच असेल तर ते सर्जनच्या खोलीतच राहू नये. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी ते आईबापांच्या हातात द्यावं. काही जण म्हणतात, घाबरतील. घाबरलेले तर ते असतातच. बघायचं नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नको, पण विचारावं तरी. तिथल्या कागदावरचे शब्द शिकलेल्यालाही कळत नाहीत. वस्तू हातात घेतली की अंगठा टेकवून अडाणी आईसुद्धा विचारू शकते, "हा एवढा भाग राहील ना?" असा प्रश्न विचारता येणं म्हणजेच संमती, असं मला वाटतं. आणि मॉडेल नसेल तिथे पाटी-पेन्सिल, मातीचा गोळा, काहीही चालेल. दहा मिनिटं मात्र हवीत.

माझ्या आईला ती दहा मिनिटं मिळाली असती तर बाळू वाचला नसता. पण उरलेली चाळीस वर्षं तिला तोच प्रश्न पडला नसता.

असो. फार लांबलं. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली, लेक हाका मारते आहे.