बहिष्कार चालवणारी माणसे

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये एका आठवड्याच्या उपक्रमाने त्याची सुरुवात केली. १९७६ मध्ये त्याचा महिना झाला. या काळात शाळांत, चर्चमध्ये, नगरपालिकांत स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांचे सत्कार होतात, त्यांच्या नावाचे फलक लागतात. प्रथा चांगलीच आहे. पण हा गौरव नेमका कशाचा करायचा, याचा विचार दरवेळी होतोच असे नाही. तो करायचा तर अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराकडे पाहावे.

माँटगोमेरीची गोष्ट आपल्याकडे साधारण दोन नावांत सांगून होते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि सव्वीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला. यातले काहीही खोटे नाही. मात्र वर्षभर बसमध्ये पाय न ठेवणारी हजारो माणसे रोज कामावर पोचत कशी होती, पेट्रोलचे पैसे कोण देत होते, पहिल्या दिवशी बसमध्ये चढायचे नाही हा निरोप घराघरांत कोणी नेला, याचा उलगडा त्या दोन नावांतून होत नाही.

निरोप नेला तो बायकांनी. महिला राजकीय परिषद ही संघटना १९४६ पासून शहरात काम करत होती. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन तिच्या अध्यक्ष होत्या. १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकीच्या जागेवर बसल्या म्हणून ड्रायव्हर त्यांच्या अंगावर धावून आला होता. तो अपमान त्या विसरल्या नाहीत. मे १९५४ मध्ये, म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता स्पष्ट शब्दांत कळवली होती. त्यामुळे अटकेची बातमी आली त्या रात्री काय करायचे, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना हाताशी धरून, त्यांनी पहाटेपर्यंत तीस हजारांहून जास्त पत्रके काढली. सकाळी वर्ग घेतला आणि मग गठ्ठे वाटायला बाहेर पडल्या. कॉलेज सरकारी होते. यंत्र कोणी वापरले हे उघड झाले असते तर नोकरी गेली असती.

त्याच रात्री पार्क्स यांना जामिनावर सोडवून आणणारे एडगर डॅनियल निक्सन हे रेल्वेच्या शयनयान डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर होते आणि पोर्टरांच्या युनियनचे शहरातले पुढारी. शिक्षण जेमतेम, पण पोलिसांनी कोणाला पकडले, कोणाला मतदार नोंदणीच्या कचेरीतून हाकलले, की लोक आधी निक्सन यांच्याकडे जात. पार्क्स त्यांच्यासोबत बारा वर्षे नागरी हक्कांच्या संघटनेत चिटणीस म्हणून काम करत होत्या. त्यांना नुसती दमलेली शिवणकामगार म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन यांनी एकामागून एक पाद्र्यांना फोन लावले. शहरात नुकतेच आलेले किंग हे त्यांतले एक. पाद्र्यांची पहिली बैठक भरली तेव्हा निक्सन हजर नव्हते. त्यांना गाडीवर ड्यूटीला जायचे होते. लढ्याची मोट बांधणारा माणूस रजा मिळत नाही म्हणून बैठकीला नसतो, यातच स्थानिक नेतृत्व कसल्या परिस्थितीत काम करते ते कळते. पुढे शिकलेले पाद्री आपल्याला बरोबरीने वागवत नाहीत, या सलीतून त्यांनी १९५७ मध्ये बहिष्कार समितीचे खजिनदारपद सोडले. गौरवाच्या भाषणांत हा भाग सहसा वगळतात. तो सांगायला हवा, कारण चळवळीच्या आतही शिक्षणाची आणि वर्गाची उतरंड होती.

ती उतरंड पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिन हिलाही नडली. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, तिने हेच केले होते आणि पोलिसांनी तिला हातकड्या घालून नेले होते. वय लहान, घर गरीब, पुढे ती गरोदर राहिली. पुढाऱ्यांनी तिच्याभोवती लढा उभारायचे टाळले. त्यांच्या बाजूने व्यवहाराचा हिशेब होता, हे मान्य करूनही त्या मुलीवर अन्याय झाला असे आम्हाला वाटते. बसमधला वर्णभेद शेवटी ज्या खटल्याने संपला, त्यातल्या चार वादींपैकी कोल्व्हिन एक होती, हे लक्षात घेतले की तो अन्याय अधिकच खुपतो. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड आणि मेरी लुईस स्मिथ या उरलेल्या तिघी. वकील फ्रेड ग्रे पंचविशीतले होते. अलाबामातले विधी महाविद्यालय कृष्णवर्णीयांना घेत नव्हते म्हणून ओहायोत शिकून परत आलेले.

खटला चालू असताना शहर चालते ठेवण्याचे काम खरे अवघड होते. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. प्रशासनाने ४५ सेंटचा किमान दर सक्तीचा केला. मग खाजगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी लुइझियानातील बॅटन रूज शहरात असाच बहिष्कार झाला होता. तिथला अनुभव कामी आला. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, वेळापत्रके, डिस्पॅचर. वाहतूक समितीची धुरा रूफस लुईस यांच्याकडे होती. मतदार नोंदणीसाठी झटणारा हा माणूस, आपल्या क्लबात मतदार नसलेल्याला प्रवेश देत नसे. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या गेल्या. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, तेव्हा अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटमार्फत थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. निक्सन आणि किंग यांच्या घरांवर बॉम्ब पडले. जुन्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली ऐंशीहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने ही मोटार व्यवस्थाच बंद पाडली, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवल्याची बातमी आली. लेखी आदेश शहरात पोचेपर्यंत आणखी पाच आठवडे गेले. ते लोकांनी बहुतांशी पायी काढले.

या सगळ्याला पैसा लागत होता. बाहेरून देणग्या येत होत्या, पण घरचा पैसा स्वयंपाकघरांतून आला. जॉर्जिया गिलमोर एका खानावळीत स्वयंपाक करत. एकदा पुढच्या दाराने भाडे भरल्यावर ड्रायव्हरने त्यांना उतरून मागच्या दाराने चढायला लावले आणि त्या चढायच्या आत बस नेली. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी हे भर न्यायालयात सांगितले आणि नोकरी गमावली. मग किंग यांच्याच प्रोत्साहनाने त्या घरी रांधून जेवण विकू लागल्या. त्याआधीपासूनच त्या आणि इतर बायका चिकन सँडविच, पाय, केक करून केशकर्तनालयांत, दुकानांत, रस्त्यावर विकत आणि पैसे दर सोमवारच्या सभेत आणून देत. यांतल्या बऱ्याचजणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव कळले तर काम सुटणार, म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचे नावच ‘कुठूनही नाही’ अशा अर्थाचे ठेवले होते. पैसे कुठून आले, असे कोणी विचारले तर उत्तर तयार. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी असेच दुसरे मंडळ काढले, आणि कोणाची वर्गणी जास्त यावर दोन्ही मंडळांत चुरस लागे. पेट्रोल आणि दुरुस्तीच्या खर्चाला त्या पैशांचा हातभार लागला. या बायकांपैकी बहुतेकींची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत, कारण त्यांनी ती तेव्हाच लपवली होती. सत्कार समित्यांनी सर्वांत जास्त कष्ट घ्यायचे तर ते अशा नावांसाठी घ्यावेत, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्राचे या लढ्याशी नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. फुल्यांची अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांविषयी कृतज्ञ होती. माँटगोमेरी पुढची गोष्ट दाखवते: इथे आपल्या सुटकेची तजवीज लोकांनी स्वतः, आपल्याच वर्गणीतून आणि आपल्याच गाड्यांतून केली. म्हणून मराठी वाचकानेही पार्क्स आणि किंग यांच्यापलीकडची नावे माहीत करून घ्यावीत.

गौरव झाला, पण किती उशिरा! विद्यार्थी आंदोलनांनंतर कॉलेजवर राज्य सरकारचा दबाव वाढला तेव्हा १९६० मध्ये रॉबिन्सन यांना माँटगोमेरी सोडावे लागले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९८७ मध्ये आले, १९९२ मध्ये त्या वारल्या. त्या कॉलेजातल्या ज्या इमारतीला कू क्लक्स क्लॅनशी संबंध असलेल्या एका गव्हर्नरचे नाव होते, तिला आता रॉबिन्सन यांचे नाव दिले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये रोझा पार्क्स यांचा पुतळा उभारताना त्याच्याजवळ चार वादींच्या नावाचे दगडही बसवले. कोल्व्हिन यांच्यावरचा बालगुन्ह्याचा शिक्का न्यायालयाने पुसला तो २०२१ मध्ये. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी शहराने आणखी एक निर्णय घेतला. फ्रेड ग्रे ज्या रस्त्यावर लहानाचे मोठे झाले, त्याला गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यसंघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे नाव होते. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर स्टीव्हन रीड यांच्या पुढाकाराने तो रस्ता फ्रेड ग्रे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जुनी स्मारके आणि नावे बदलू नयेत असा अलाबामाचा २०१७ चा कायदा आहे. त्याखाली राज्याने शहराला २५,००० डॉलरचा दंड ठोठावला. शहराने नाव मागे घेतले नाही, आणि नव्वदी ओलांडलेल्या ग्रे यांना आपल्या नावाची पाटी त्या रस्त्यावर पाहता आली.