३६व्या अक्षांशाखाली

वर्षभर एक गोष्ट मनात सलते आहे. जगात कुठेही माणसे मारली जाऊ लागली की आपल्याकडच्या चर्चांत कुणीतरी ठामपणे सांगतो, तिथे नो-फ्लाय झोन, म्हणजे उड्डाणबंदी, लावा. समोरचे मान डोलावतात. वर लढाऊ विमानांची गस्त सुरू झाली की खालची माणसे वाचली, असे सगळे धरून चालतात. या समजुतीची किंमत ती बाळगणाऱ्यांना कधीच मोजावी लागत नाही, याचा आम्हाला राग येतो.

इराकचेच पाहा. १९९१च्या आखाती युद्धानंतर सद्दामने कुर्दांचा उठाव चिरडला आणि लाखो कुर्द तुर्कस्तानच्या सीमेवरच्या डोंगरांत पळाले. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ३६व्या अक्षांशाच्या उत्तरेला इराकी विमानांना बंदी घातली. सुरक्षा परिषदेच्या ६८८ क्रमांकाच्या ठरावात दडपशाहीचा निषेध होता, उड्डाणबंदीचा उल्लेखही नव्हता. तुर्कस्तानातल्या इंजिरलिक तळावरून लढाऊ विमाने निघत, टँकर विमाने त्यांना हवेतच इंधन देत, अवॅक्स या टेहळणी विमानाचे रडार सगळ्यांवर नजर ठेवी. बारा वर्षे हे चालले. पण रेषा आखली ती नकाशावर, वस्ती पाहून नव्हे. सद्दामच्या ताब्यातले मोसुल तिच्या आत आले, कुर्दांचे सुलेमानिया बाहेर राहिले. १९८८मध्ये विषारी वायूने जिथे सुमारे ५,००० माणसे मेली, ते हलब्जाही बाहेरच! त्याच निषिद्ध पट्ट्यात तुर्कस्तानची विमाने कुर्द बंडखोरांच्या तळांवर बॉम्ब टाकत होती. तुर्कस्तान मित्रदेश, त्याला कोण अडवणार? आणि १४ एप्रिल १९९४ला गस्तीवरच्या दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे इराकी समजून पाडली. २६ जण गेले. अवॅक्स तेव्हाही हवेत होते.

तरीही उत्तरेतले कुर्द बव्हंशी वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. ते वाचले कारण १९९१च्या त्या वसंतात मित्रराष्ट्रांचे सैनिक उत्तर इराकमधल्या झाखोत उतरले, त्यांनी इराकी फौज मागे रेटली, डोंगरावरची कुटुंबे खाली आणली आणि पुढे पेशमर्गांनी, म्हणजे कुर्द लढवय्यांनी, जमीन धरून ठेवली. दक्षिणेत, ३२व्या अक्षांशाखाली, ऑगस्ट १९९२पासून गस्त तशीच होती, पण जमिनीवर उतरायला कुणीच नव्हते. सद्दामने बंधारे घालून आणि कालवे खणून टायग्रिस-युफ्रेटिसची दलदल सुकवली. २०००पर्यंत तिचा जवळजवळ नव्वद टक्के भाग नष्ट झाला आणि तिथल्या अरबांना घरे सोडावी लागली. माती उपसणाऱ्या यंत्रांना उड्डाणबंदी लागू होत नाही.

बोस्नियाचे तर बोलवत नाही. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. मार्च १९९३मध्ये ते परतले आणि पुढच्याच महिन्यात नाटोची गस्त सुरू झाली. फेब्रुवारी १९९४मध्ये तिने सर्ब विमाने पाडलीही. जुलै १९९५मध्ये, गस्त चालू असतानाच, स्रेब्रेनित्सात ८,०००हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांना बसमधून आणि ट्रकमधून नेले होते.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ला गेले, म्हणून हा अंक ‘आकाश’ या विषयाला वाहिला. त्याच महिन्यात पाकिस्तानशी झालेल्या संघर्षामुळे देशातले ३२ विमानतळ बंद होते, आणि रात्रीच्या चर्चांत लोक आकाशाविषयी असे बोलत होते, जणू ती कुलूप लावायची खोली आहे. म्हणून पहिल्या पानावर हा विषय घेतला.

१७ मार्च २०११ला लिबियावर उड्डाणबंदी घालणारा १९७३ क्रमांकाचा ठराव मताला आला, तेव्हा भारत सुरक्षा परिषदेत होता. तिथल्या परिस्थितीची विश्वासार्ह माहिती हाती नाही, असे सांगून आपण तटस्थ राहिलो. ते योग्य होते, पण पुरेसे नव्हते. दोन दिवसांनी फ्रेंच विमानांनी बंडखोरांच्या बेनगाझीजवळ पहिला मारा केला तो हुकूमशहा गद्दाफीच्या जमिनीवरच्या लष्करी वाहनांवर. बेनगाझी वाचले. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला, महिनाअखेरीस नाटोने मोहीम आटोपली आणि देश पुढे दोन सत्तांमध्ये फाटला. ताबा घेणारी परकी फौज नको, असे ठरावातच लिहिले होते; मागे थांबायला कुणी नव्हते. असा ठराव पुन्हा येईल. तेव्हा भारताने मत देण्याआधी विचारावे की गस्तीखाली जमिनीवर कोण उतरणार, किती वर्षे थांबणार आणि त्यांत आपले जवान असतील का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची तयारी नसेल, तर दिवाणखान्यात बसून ती मागणी आपणही करू नये.