चित्र कापण्यापूर्वी




मागच्या वर्षीच्या हस्तकला प्रदर्शनात सातवीतील एका विद्यार्थ्याच्या चिकटवहीला मी पहिले बक्षीस दिले. पानापानावर पक्ष्यांची आणि फुलांची जुन्या धाटणीची रंगीत चित्रे, भोवती कागदाची नक्षी, खाली सुवाच्य अक्षर. सर्वांनी कौतुक केले. चार दिवसांनी त्याचे आजोबा शाळेत आले. त्यांनी पिशवीतून जाड बांधणीचे एक पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवले. मधली अकरा पाने कटरने कापलेली होती. ते म्हणाले, ‘‘सर, मुलाला रागावू नका. बक्षीस तुम्ही दिलेत, म्हणून तुम्हालाच दाखवायला आणले.’’

मला उत्तर सुचले नाही. दोष त्या मुलाचा नव्हताच. ‘जुनी चित्रे आणा’ ही सूचना आमची होती. ती कुठून आणि कशी आणायची, हे आम्ही सांगितले नव्हते. चित्रे पक्की चिकटली होती, ती परत निघाली नाहीत.

पुढच्या शिक्षक बैठकीत चिकटवहीचा उपक्रम बंद करावा, असे काहींनी सुचवले. मला ते पटले नाही. जुन्या निसर्गचित्रांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फोटोत एका क्षणाचे झाड दिसते. जुना चित्रकार मात्र फांदी, कळी, फूल, फळ आणि कापून दाखवलेले बी असे सगळे एकाच कागदावर मांडत असे. अशा चित्राच्या कडेने कात्री फिरवताना पानाची कड दातेरी आहे की सरळ, हे मुलाला पाहावेच लागते. घोकंपट्टी करून हे ध्यानात राहत नाही. म्हणून उपक्रम चालू ठेवायचा, पण रीत बदलायची, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट, मूळ पुस्तकाला कात्री लावायची नाही. झेरॉक्स काढावी किंवा शाळेच्या संगणकावरून छापून घ्यावे. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर असे अनेक जुने ग्रंथ विनामूल्य पाहता येतात. नव्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चित्रावर हक्क राहतो. शाळेच्या आनंदमेळ्यात विकायच्या भेटकार्डांवर तशी चित्रे परवानगीशिवाय लावू नयेत.

दुसरी गोष्ट, चित्राखाली नाव हवे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘अमलतास’ म्हणजेच आपला बहावा, हे मला नोकरीला लागल्यावर मुलांकडून कळले. हाच बहावा ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथात ‘कोन्ना’ या नावाने भेटतो. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर तयार करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. त्यात सातशेहून अधिक चित्रे आहेत. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांनी माहिती दिली. तशीच ती रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनीही दिली. हे तिघे कोचीत स्थायिक झालेल्या सारस्वत समाजातील होते आणि त्या समाजाचे मूळ आपल्या गोव्यातले. त्यांचे १६७५ सालचे कोकणी निवेदन नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापले आहे. अनेक चित्रांवर रोमन, मलयाळम आणि अरबी लिपीबरोबर नागरीतही झाडाचे नाव कोरलेले दिसते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रावरील नाव मांद्र्यातील मुलाला स्वतः वाचता येते. नक्षीसाठी कापताना नेमका तोच नावाचा भाग कचऱ्यात जातो, याचे मला वाईट वाटते.

नावाबरोबर चित्रकारही विसरू नये. पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तेथील झाडांची सुंदर चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. गिब्सनचे नाव सर्वांना माहीत आहे, चित्रकाराचे नाव कुठेच नोंदलेले नाही. आपल्या वह्यांत तरी असे होऊ नये.

तिसरी गोष्ट, जुने चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहावे. १५१५ साली गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला गेला. गुजरातच्या सुलतानाने तो आल्बुकर्कला भेट दिला होता. जर्मनीतील प्रसिद्ध चित्रकार ड्यूरर याने तो न पाहताच, केवळ आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचे चित्र लाकडावर कोरवून छापले. गेंड्याच्या अंगावर चिलखत आले आणि खांद्यावर एक जादा शिंग उगवले! तरीही पुढची दोनशे वर्षे युरोपात लोक तोच खरा गेंडा समजत राहिले. चित्र सुंदर असले म्हणजे खरे असतेच असे नाही.

आपल्या मुलांच्या वह्यांत ट्यूलिप आणि रॉबिन भरपूर दिसतात. ते असायला हरकत नाही. परंतु खाडीवरचा खंड्या आणि कुंपणावरची घाणेरी ज्याला ओळखता येत नाही, त्याची वही कितीही सजवली तरी अपुरीच आहे, असे मी मानतो.

यंदा चतुर्थीपूर्वी आपण ‘माटोळीची चिकटवही’ करणार आहोत. माट्टी, कवंडाळ, घागऱ्यो, आंबाडे अशी माटोळीला बांधायची एकेक वस्तू प्रत्येकाने निवडावी. डाव्या पानावर जुन्या चित्राची प्रत लावावी. आंबाड्याचे चित्र वर सांगितलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात ‘अंबलम’ या नावाने आहे. उजव्या पानावर ती वस्तू समोर ठेवून स्वतः चित्र काढावे. खाली घरात बोलतात ते नाव, चित्र कोणत्या ग्रंथातले, कोणत्या साली छापलेले आणि आपल्याला वस्तू कुठे सापडली, एवढे लिहावे. ज्याचे जुने चित्र मिळणार नाही, त्याने डावे पान कोरे ठेवावे. त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

पालकांना एक विनंती. घरात जुनी सचित्र पुस्तके असतील तर ती मुलांना जरूर दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. शाळेला दोन दिवस दिलीत तर आम्ही प्रती काढून पुस्तक जसेच्या तसे परत करू.

ते आजोबाही आपले पुस्तक घेऊन येणार आहेत. उरलेल्या पानांच्या प्रती त्यांचा नातू स्वतः काढणार आहे.

आपला,
मुख्याध्यापक