रिफायनरीचा 'एक्स-रे': प्लांट बंद न करता आतला बिघाड कसा सापडतो?

चेंबूरहून माहुलकडे गेलात की रिफायनरीचे उंच स्टीलचे कॉलम दिसतात. आत कच्च्या तेलाची वाफ एकावर एक बसवलेल्या ट्रेंमधून वर चढते आणि पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं होत जातं. समजा, उत्पादन अचानक बिघडलं. ट्रे कोसळला की द्रव तुंबला? उघडून बघायचं तर आधी अख्खं युनिट बंद करून थंड करावं लागतं. त्यात दिवस जातात, पैसाही.

मग करतात काय?

कॉलमच्या एका बाजूला सीलबंद कोबाल्ट-६० चा छोटा स्रोत, समोर डिटेक्टर. दोन्ही एकाच पातळीत ठेवून वरून खाली सोडतात. गॅमा किरण वाफेतून सहज पार होतात, धातूत आणि द्रवात अडतात. त्यामुळे प्रत्येक ट्रेपाशी आलेख खाली येतो. जिथे यायला हवा तिथे आला नाही, तर ट्रे जागेवर नाही. दोन ट्रेंच्या मधेही खालीच राहिला, तर द्रव तुंबलाय. हे सगळं कॉलम चालू असताना. आणि नाही, यामुळे पेट्रोल किरणोत्सारी होत नाही. छातीचा एक्स-रे काढल्यावर तुम्ही होता का?

ही सेवा देणारी 'ब्रिट' ही सरकारी संस्था खाडीपलीकडे वाशीत आहे.

गळती शोधायची तर पद्धत वेगळी. हीट एक्स्चेंजरमध्ये जास्त दाबाच्या बाजूने ब्रोमिन-८२ मिसळलेला ट्रेसर सोडतात. कमी दाबाच्या बाजूच्या डिटेक्टरने तो टिपला, की गळती पक्की. इथे मात्र किरणोत्सारी पदार्थ खरोखर प्रवाहात जातो. म्हणूनच अर्धायुष्य जेमतेम ३५ तासांचं असलेला पदार्थ निवडतात. पंधरा दिवसांत त्याचा हजारावा हिस्साही उरत नाही.

मग धोका कुठे आहे?

माझ्या मते स्कॅनिंगपेक्षा विसरलेल्या स्रोतात. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं जुनं गॅमा उपकरण लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. आत कोबाल्ट-६० होतं. किरणोत्सर्गाने एकाचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५ वर्षांहून जास्त, त्यामुळे तो पंधरा दिवसांत विझत नाही. अशा स्रोतांवर देखरेख करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय इथेच, अणुशक्तीनगरला आहे.

भंगारात तीन पात्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेला जड डबा दिसला, तर हात लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.