सैनिकाचे शिक्षण कोणाच्या वाट्याला?

‘माजी सैनिकांच्या शिक्षणाची सोय सरकार करतेच की!’ असे म्हणणारे पुराव्यादाखल पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना पुढे करतात. ती एकदा वाचावी. २००६-०७ पासूनची ही शिष्यवृत्ती सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी आहे. वर्दी उतरवलेला सैनिक तिच्यात विद्यार्थी म्हणून कोठेच नाही.

अमेरिकेने २२ जून १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, यासाठी कायदा केला : वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क आणि वर निर्वाहभत्ता. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. (दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र बहुतेक दारे बंदच होती. या कायद्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी तेही सांगावे.) त्याच युद्धात भारतीय सैन्य २५ लाखांवर गेले होते. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडले.

आज खुद्द परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तेही १९७२ पासून. पण विशीच्या आत भरती होऊन चाळिशीच्या आसपास परतणाऱ्या जवानाच्या हाती काय पडते? १५ वर्षांच्या सेवेनंतर दहावी उत्तीर्ण सैनिकाला ‘पदवीधर समकक्ष’ मानणारे प्रमाणपत्र! केंद्राचा हा नियम १९८६ चा. ते गट ‘क’च्या नोकरीसाठी चालते, पदव्युत्तर प्रवेशासाठी नाही. शिक्षण न देता शिक्षित ठरवण्याची ही युक्ती आहे.

‘निवृत्तिवेतन मिळते ना?’ हा प्रतिवादही २०२२ च्या अग्निपथ योजनेने निकालात काढला. चार वर्षांनी बहुतेक अग्निवीर ऐन शिकण्याच्या वयात, निवृत्तिवेतनाविना परततील. सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतील. त्यातून महाविद्यालयाचे शुल्क भरायचे की शेतात बोअर घ्यायचा, हे घर ठरवील.