ठेवणीची तांबडी वाइन आणि टनाचा भाव

आपल्या नाशिक, पुणे व सोलापूर जिल्ह्यांत होणाऱ्या तांबड्या वाइनपैकी फारच थोडी अशी निघते की, जी पाच-दहा वर्षे ठेविली असता बिघडण्याऐवजी सुधारावी. याचा ठपका बहुधा आपल्या हवेवर ठेवण्यात येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हवेपेक्षा अधिक दोष द्राक्षखरेदीच्या रीतीकडे जातो. मद्य प्यावे की न प्यावे हा वाद येथे नाही; ज्याच्या शेतात ही द्राक्षे उभी आहेत त्याच्या हिताचा हा विचार आहे.

तांबड्या वाइनचा रंग व तिचा तुरटपणा ही रसात नसतात, सालीत व बियांत असतात. म्हणूनच काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवितात. हा तुरट अंश, ज्यास टॅनिन म्हणतात, तो आंबटपणाच्या जोडीने वाइनला वर्षानुवर्षे राखतो, आणि प्रथम जीभ आवळणारी वाइन ओकच्या पिंपात व पुढे बाटलीत मऊ होत जाते. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक. कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातीची कीर्ती तिच्या बारीक मण्यामुळे व जाड सालीमुळेच आहे. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील ही जात एका काळ्या व एका पांढऱ्या जातीच्या संकरातून निपजली, हे १९९७ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी आनुवंशिक परीक्षेने दाखविले. शिराझचे नाव इराणी शहराचे खरे, पण तिचाही जन्म फ्रान्समधलाच.

तिकडे वेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे तिला ती विश्रांती नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि माल उतरतो तो ऊन चढू लागल्यावर. तेव्हा साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो, आणि बी मात्र कच्चे राहते. हवेचा दोष तो एवढाच. वेलीवर घड मोजके ठेविले तर रंग व तुरटपणा दाट येतो. भारंभार घड राखले तर साखर भरूनही वाइन पाणचट होते. अकलूजजवळ फ्रातेल्ली कारखान्याने इटालियन तज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोवेसे व कॅबर्ने सोव्हिन्याँ यांच्या मिश्रणाने 'सेत्ते' नावाची ठेवणीची वाइन केली. तेथे बाग कारखान्याची स्वतःचीच. घड किती राखावे हे ठरविणारा आणि बाटली विकणारा एकच.

करारावर माल घालणाऱ्या बागाइतदाराची गोष्ट निराळी. त्यास पैसा टनावर मिळतो. अर्धे घड कापून सरीत टाकल्यास वाइनला बळ येईल, पण उत्पन्न त्याचे निम्मे होईल. असा त्याग त्याने कोणाच्या बाटलीसाठी करावा?

महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसास येथे एक जुनी गोष्ट आठवते. अकलूजच्या समोर, नीरेपलीकडे, इंदापूर तालुका आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांची जमाबंदी १८३६ च्या सुमारास तेथेच सुरू झाली. तिचे तत्त्व असे की, आकार पिकावर नव्हे तर जमिनीच्या प्रतीवर बसवावा आणि तो ३० वर्षे बदलू नये. त्या जमाबंदीचे दोष पुष्कळ सांगता येतील. पण विहीर खणणाऱ्याचा सारा त्याच्या कष्टामुळे वाढू नये, हे मर्म तिने ओळखले होते.

वाइनच्या द्राक्षांनाही हीच रीत लावावी. बागेची प्रत ठरवावी, दर एकरावर बांधावा, मणी रंगू लागताना घडांची मोजणी व्हावी, आणि करार निदान दहा वर्षांचा असावा. २००८ च्या मंदीनंतर मागणी बसली तेव्हा अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत, तेव्हा दुसरा मार्ग तरी कोणता होता? ठेवणीच्या वाइनला जुनी वेल हवी, आणि दरसाल बदलणाऱ्या करारावर वेल जुनी होत नाही.

कारखानदार म्हणतील, अवकाळी पाऊस पडला तर एकराचे पैसे आम्ही का द्यावे? शंका रास्त आहे. तो तोटा उभयतांनी वाटून घ्यावा. आमच्या हिंजवडीच्या भातखाचरांवर आज संगणकाच्या कंपन्या उभ्या आहेत, आणि तेथील पुष्कळ तरुण वाइनच्या बाटलीस हजार रुपये मोजावयास कचरत नाहीत. तेव्हा पैसा नाही असे नाही. येत्या फळछाटणीपूर्वी बागाइतदारांच्या संघांनी अशा कराराचा मसुदा स्वतः तयार करून कारखान्यांपुढे ठेवावा. त्यांच्या मसुद्याची वाट पाहू नये.