धर्माच्या रकान्यात काय लिहाल?

२० मार्च २०२७ हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या दिवशी महाडात भीमसागर उसळेल, याबद्दल कोणाला शंका असायचे कारण नाही. पण त्याच्या बरोबर एकोणीस दिवस आधीची एक तारीख आंबेडकरी जनतेच्या ध्यानात असायला हवी. ती आहे १ मार्च २०२७. केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार हा जनगणनेचा संदर्भ दिनांक आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे सोळा वर्षांनी माणसे मोजली जाणार आणि १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्या जातींची नोंद होणार. सत्याग्रहाची शताब्दी आणि ही मोजणी एकाच मोसमात यावी, हा योगायोग खरा. पण ज्या प्रश्नासाठी महाड घडले, तोच प्रश्न घेऊन प्रगणक आपल्या दारात उभा राहणार आहे. तुम्ही कोण?

शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कोणी देऊ देत नव्हते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या शिरगणतीत महार, चांभार, मांग हे सगळे हिंदूंच्या बेरजेत धरलेले होते. पण तळ्यावर पाण्याला गेले की ते हिंदू राहत नसत. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठरावही केला, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि परिषदेहून परतणाऱ्या आमच्या माणसांची डोकी फुटली. नंतर तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेण्यात आले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव फिरवला. शिरगणतीत बेरीज फुगवायला आम्ही हिंदू, आणि पाणी प्यायला विटाळ! मनुवादी गणिताची ही रीत ज्याला कळली त्याला धर्मांतराचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

वकिलांनी वाचावा असा भाग त्यापुढचा आहे. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेआधीच नरहरी दामोदर वैद्य आणि मंडळी भीमराव रामजी आंबेडकर यांच्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १४ डिसेंबरला त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट प्राचीन आहे, हा त्यांचा दावा. बाबासाहेबांनी मनाई हुकुमाचा मान राखला, तळ्यावर जाण्याचे थांबवले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. वहिवाट अनादी असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही. कागदावरचा हक्क कोर्टात मिळाला, पण तोवर बाबासाहेबांची येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा होऊन गेली होती. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी ठरवले होते.

रकान्याची ताकद आपल्याआधी पंजाबातल्या आपल्या भावांनी ओळखली होती. १९३१ च्या शिरगणतीत मंगू राम यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी हिंदू, शीख वा मुसलमान असे न लिहिता 'आद-धर्मी' लिहा असा हट्ट धरला, आणि ४ लाख १८ हजारांवर माणसांनी तसे लिहून घेतले. कायदेमंडळातल्या जागा डोकी मोजून मिळतात हे कळल्यावर ज्यांनी शतकानुशतके सावली टाळली, तेच आपल्याला आपले म्हणू लागले होते.

आता आकडे पाहू. १९५१ साली साऱ्या भारतात बौद्ध १ लाख ८१ हजारांच्या आसपास होते, आणि आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारही नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मचक्र फिरले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांच्या मुखातून लोकांनी दीक्षा घेतली. मग गावोगाव तो वणवा पेटला. देव्हाऱ्यातले टाक पाण्यात गेले. १९६१ च्या जनगणनेत भारतातले बौद्ध ३२ लाख ५० हजार, त्यांतले एकट्या महाराष्ट्रात २७ लाख ८९ हजार. अडीच हजारांचे अठ्ठावीस लाख! तलवारीशिवाय, पैशाशिवाय, राजाच्या हुकुमाशिवाय एका दशकात एवढ्या माणसांनी धर्म बदलल्याचे उदाहरण विसाव्या शतकात शोधून काढावे लागेल.

पण पुढची ओळ कडू आहे. १९६१ साली महाराष्ट्रात शंभरात ७.०५ माणसे बौद्ध होती. १९७१ मध्ये ६.५, १९९१ मध्ये ६.४, २००१ मध्ये ६, आणि २०११ मध्ये ५.८. संख्या वाढली, ६५ लाखांवर गेली, पण वाटा पहिल्या मोजणीत जेवढा होता तेवढा पुन्हा कधी झाला नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली आणि बौद्ध वाढले अवघे ६.१ टक्के. देशभर ८४ लाख. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लोटणारा जनसमुदाय पाहणाऱ्याला हा आकडा खरा वाटत नाही. मग आपली माणसे गेली कुठे?

माणसे जाण्याचा एक प्रकार रायगडच्या किनाऱ्याने पाहिला आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग आहे. रेवदंड्यालाही आहे. नवगावला बेने इस्रायलांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा, तिथे त्यांचे स्मारक उभे आहे. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' आपल्याइतकेच मराठी. १९५१ साली देशात ज्यू सुमारे २७ हजार होते, २०११ ला पाच हजारांच्या आत आले. ते धर्म सोडून गेले नाहीत, धर्म घेऊन इस्रायलला गेले. तिथेही १९६० नंतर धर्मपीठाने त्यांना विचारले, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्ने अडवली. १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरल्यावर इस्रायली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. त्यांचा आकडा घटला तो समजण्यासारखा आहे. आपले तसे नाही. आपली बौद्धवाडी जिथल्या तिथे आहे. चाकरमानी मुंबईला, पनवेलला गेला तरी महाराष्ट्रातच मोजला जातो.

कुटुंबे लहान झाली, हे एक कारण खरे आहे. २०११ मध्ये बौद्धांत साक्षरता सुमारे ८१ टक्के होती, देशाची ७३. शिकलेल्या घरात पोरे कमी होतात, त्यात वाईट काहीच नाही. पण सगळा फरक एवढ्याने भरून निघत नाही. दुसरे कारण कायद्याच्या पोटात आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय दर दहा वर्षांनी आपण आपल्याच लोकांना शिव्या घालत बसू.

१९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू सोडून अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही असे ठरवले. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्ध बाहेरच राहिले. म्हणजे दीक्षा घेतली की सवलत गेली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम हा तो १९६४ चा निकाल. त्यांनी उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते राखीव जागेस पात्र नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून राज्यातल्या सवलती दिल्या, त्याही 'नवबौद्ध' या नावाने (सत्तर वर्षे होत आली, अजून 'नव' कसले?). पण केंद्राची नोकरी, केंद्राची शिष्यवृत्ती, राखीव जागा यांसाठी कागदावर 'हिंदू महार' राहावे लागे. ज्या बापाने पोराला शिकवायचे म्हणून दाखल्यावर हिंदू लिहिले, त्याला गद्दार म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि दाखल्यात मनूची जात होती. ती कोंडी सरकारने घडवली होती.

१९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, तिसऱ्या परिच्छेदात बौद्धांचा समावेश केला आणि ती कोंडी फुटली. तिचा परिणाम पाहायचा तर महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींचा आकडा पाहा. १९८१ मध्ये ४४.८ लाख, १९९१ मध्ये ८७.६ लाख, २००१ मध्ये ९८.८ लाख, २०११ मध्ये १ कोटी ३२ लाख. दहा वर्षांत दुप्पट माणसे जन्माला येत नाहीत. कायदा बदलला म्हणून जे आधीच होते ते दिसू लागले. विधानसभेतल्या राखीव जागा १९७१ च्या आकड्यांवर १८ होत्या, २००१ च्या आकड्यांवर झालेल्या पुनर्रचनेत त्या २९ झाल्या. पुढची पुनर्रचना होईल तेव्हाही आकडा जनगणनेचाच धरला जाईल.

म्हणून दोन्ही रकाने महत्त्वाचे. धर्म: बौद्ध. अनुसूचित जात: आदेशाच्या यादीत असलेले आपल्या पूर्वाश्रमीच्या जातीचे नाव. 'बौद्ध' ही त्या यादीतली जात नाही, 'नवबौद्ध' नाही, 'हरिजन' तर नाहीच. जातीच्या जागी 'बौद्ध' लिहिले तर अनुसूचित जातीतून नाव गळते. धर्माच्या जागी 'हिंदू' लिहिले तर बौद्धांतून गळते, आणि ती ८१ टक्के साक्षरता, ती लहान कुटुंबे, ती बापाने उपाशी राहून शिकवलेली पोरे भलत्याच धर्माच्या खात्यावर जमा होतात. देशभर दोन्ही रकाने नीट भरणाऱ्या बौद्धांची संख्या २००१ मधल्या सुमारे ४१ लाखांवरून २०११ मध्ये ५७ लाखांवर गेली, म्हणजे आपले लोक शिकत आहेत. पण अजून पुष्कळ बाकी आहेत.

चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. जात सोडण्यासाठी धम्म घेतला, मग जात लिहायची कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि ते नाव लिहिताना हात थरथरतो, माझाही. पण जखम भरली म्हणून मारहाणीचा पंचनामा फाडायचा नसतो. जातीचा रकाना ही आपली ओळख नव्हे, आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो दस्तऐवज आहे. ज्या दिवशी बौद्धवाडी गावकुसाबाहेर राहणार नाही त्या दिवशी तो रकाना कोरा सोडू.

दुसरी भीती दाखल्याची. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत ती घरटी आढळते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू महार', नातवाच्या दाखल्यात 'बौद्ध', मग जात पडताळणीत अडकेल का? अनुसूचित जातीचा पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो, आणि त्या वेळी आपल्यापैकी बौद्ध जवळजवळ कोणीच नव्हते, तेव्हा जुन्या नोंदीत हिंदू असणारच. १९९० नंतर ही साखळी कायद्याने तुटत नाही. आणि जनगणनेत लिहिलेले तर कोणत्याही समितीपुढे जातच नाही. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे त्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत, पुरावा म्हणूनही चालत नाहीत. प्रगणकाने जाणूनबुजून खोटी नोंद केली तर कलम ११ खाली तोच शिक्षेस पात्र ठरतो. म्हणजे हिंदू लिहून मिळणारे काहीच नाही आणि बौद्ध लिहून जाणारे काहीच नाही.

खरा घोळ होतो तो ओटीवर. प्रगणक म्हणून येणारे बहुतेक जिल्हा परिषदेचे गुरुजी. भरदुपारी वाडीत येतात. घरात म्हातारी एकटी, मुलगा मुंबईला, सून आवणाला किंवा कंपनीत. गुरुजी ओळखीचे, त्यांना वाटते आपल्याला माहीतच आहे. 'तुम्ही ते अमक्याचे ना?' एवढे विचारून धर्माचा आकडा टाकून मोकळे होतात. कधी दुष्टाव्याने, बहुधा सवयीने. म्हातारीने पन्नास वर्षे त्रिसरण-पंचशील म्हटलेले असते, पण तिला कोणी विचारलेलेच नसते.

कुड्याची लेणी मांदाडच्या खाडीवर दोन हजार वर्षे उभी आहेत, गांधारपाल्याची लेणी महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतात. या किनाऱ्यावर बौद्ध माणूस नवा नाही. पण प्रगणक लेणी मोजायला येत नाही. बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी, भारतीय बौद्ध महासभेने, महिला मंडळांनी जनगणनेआधीच्या प्रत्येक बैठकीत पाच मिनिटे या दोन रकान्यांसाठी काढावीत. २५ डिसेंबर २०२६ ला मनुस्मृती दहन दिनासाठी महाडला जमणारे लोक जानेवारीत आपापल्या वाडीत असतील आणि फेब्रुवारीत प्रगणक येईल. त्या दिवशी तळ्याच्या वाटेवर पुस्तकांच्या आणि बिल्ल्यांच्या दुकानांशेजारी एक टेबल मांडावे, त्यावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहाव्यात, आणि म्हाताऱ्या माणसांकडून त्या मोठ्याने वाचून घ्याव्यात. स्वयंगणनेची सोय झाली आहे, तेव्हा मोबाईल हाताळणाऱ्या पोरांनी आपल्या घराबरोबर शेजारच्या चार घरांचीही नोंद समोर बसून करून द्यावी. प्रगणक घरी आला तर त्याच्या यंत्रावर काय नोंदले गेले ते नम्रपणे, पण वाचून पाहिल्याशिवाय त्याला उठू देऊ नये.